मातीचे अस्तर

मळवली, गुरुवार, १२ एप्रिल १९३४. संध्याकाळ.

परसातल्या हौदाला आतून चिकणमातीच द्यायची, हे ठरले. ताज्या सिमेंटचा खार पाण्यात उतरतो, चुन्याचाही; रांजणातले माझे लाल मासे त्यात जगणार नाहीत. शेजारच्या सखूमावशी आणि त्यांच्या दोघी सुना खाली माती तुडवत होत्या, भाताच्या खाचरात तुडवतात तशी, आणि मी काठावरून तावातावाने त्यांना हे पटवून देत होतो.

"भाऊ, सभा मागनं घ्या. हितं पाय लागत्यात, त्वांड न्हाई!" मावशी म्हणाल्या. सुना पदराआड हसल्या. मीही धोतर खोचून उतरलो. किती दिवसांनी या घरात कुणी हसले!

खरे तर सिमेंटही चालले असते. महिनाभर पाणी बदलत राहिले की खार निघून जातो, आणि गवंडी एकटा पुरतो. मग हा मातीचा हट्ट माशांसाठी, की माणसे यावीत म्हणून? रांजणातले मासे काही विचारत नाहीत, हे बरे.

"लगी पानी सोडा, न्हाईतर भेगा पडत्याल," असे बजावून तिघी दिवेलागणीला गेल्या. मातीत सगळ्यांची पावले उमटली आहेत. पाण्याने ती पुसली जातील. आजच्यापुरती वर ओली गोणपाटे अंथरली.