जीपच्या दोन तारा

चामराजपेट, बंगळूर
रविवार, सकाळ

अण्णा,

इंदूचा नमस्कार. आशीर्वाद एवढ्यात देऊ नकोस. आधी सगळं वाच, मग ठरव.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. एकाच अंगणात राहणाऱ्या भावाला कोण कशाला पत्र लिहील? म्हणून हे माझं तुला पहिलंच. काल वहिनी तुझी हत्यारांची पेटी आवरायला बसली होती. आवरता आवरता ती एक गोष्ट बोलून गेली. ती गोष्ट मी लिहीनच, पण लगेच नाही. धीर होत नाही रे.

तेराव्याला कलासीपाळ्यातले तुझे सगळे गॅरेजवाले आले होते. केशवराव मेस्त्री पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "गाडीत रेडिओ बसवावा तर मुकुंदानंच. एवढ्या वर्षांत एकदाच हात चुकला बिचाऱ्याचा, त्या आनेकलच्या जीपमध्ये." सगळ्यांनी माना हलवल्या. अण्णा, मीही हलवली! त्या पंगतीत खरं काय ते माहीत असलेली मी एकटी, आणि मी मूग गिळून वरण वाढत होते.

तुझा हात चुकला नव्हता. चुकला तो माझा. त्यासाठीच हे पत्र.

तुला आठवतं, तू माझ्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंगची सळई दिलीस ते? सत्तावन्न साल असेल, मी चौदाची होते. आई ओरडली होती, "पोरीच्या जातीला हे तापलेलं लोखंड कशाला?" तू शांतपणे म्हणालास, "मग तवा काय गार असतो होय?" मी त्या दिवशी तीन बोटं भाजून घेतली आणि कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर तू सळई काढून घेतली असतीस.

आपल्या अंगणातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा येत त्या सगळ्या इंग्रजी वळणाच्या गाड्या. व्हॉल्व्हचे ते जड रेडिओ, सुरू केल्यावर आधी गुणगुणणारे, मग दोन मिनिटांनी बोलणारे. तू मला पहिला धडा दिलास तो बॅटरीचा. त्या गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला जोडलेलं असे. म्हणून रेडिओची तांबडी, म्हणजे अधिकची तार बॉडीला, काळी तार फ्यूजकडे. "तांबडी कुठं, इंदू?" "बॉडीला!" "काळी?" "फ्यूजला!" पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचास. मी पोळ्या लाटतानासुद्धा म्हणत असे.

सात वर्षं मी तेच केलं. आणि मग रुद्रप्पांची जीप आली.

रुद्रप्पा आनेकलचे, तुतीचे मळे असलेले. त्यांच्या आईला, अज्जींना, ऐकू कमी येई, आणि गाण्याचं वेड मात्र भारी. जीपमध्ये रेडिओ होता, पण जीपच ती! वर कापडाचं छत, खाली गिअरचं रडणं. रेडिओ बिचारा कुणाला ऐकू जाणार? तू म्हणालास, वेगळा अँप्लिफायर करू, व्हॉल्व्हचा नको, ट्रान्झिस्टरचा करू. मागच्या बाकाखाली दोन बाजूंना दोन स्पीकर. बंगळुरात तोवर कुणी असलं काही गाडीत केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. जोराचा आवाज देणारे ते दोन ट्रान्झिस्टर मिळायला आठ महिने गेले. मुंबईहून कुणाच्या तरी ओळखीनं आले तेव्हा तू ते तळहातावर घेऊन सगळ्या घराला दाखवलेस. वहिनी म्हणाली, "एवढीशी बटणं?" तू लहान पोरासारखा हसलास. तुला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

जीपची बॅटरी उलटी, हे तू मला सांगितलं होतंस का? सांगितलंच असशील. जीपमध्ये उणे टोक बॉडीला असतं, म्हणजे काळी तार बॉडीला, तांबडी फ्यूजकडे. तू कामाची गोष्ट कधी सांगायची ठेवली नाहीस. मीच ऐकली नसेन. ऐकण्यापेक्षा बोलण्यात हुशार, असं तूच म्हणायचास ना?

अष्टमीच्या संध्याकाळी तू काम संपवलंस. तारा लावल्यास, अँप्लिफायरचा फ्यूज मात्र काढून डॅशबोर्डावर ठेवलास. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, गल्लीतल्या लोकांची आयुधपूजा. सळई, पक्कड, पेचकस, सगळं पाटावर, हळदकुंकू लावून. दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम बाबांच्या आधीपासूनचा, आणि तू तो कधी मोडला नाहीस. दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतःच्या हातानं फ्यूज घालून जीप द्यायची, असं तुझं ठरलं होतं.

नवमीला तू पेढे घेऊन जयनगरला मामांकडे गेलास. वहिनी माहेरी. आणि रुद्रप्पा आले की अज्जींना घेऊन! अज्जींना जीपची पूजा स्वतःच्या हातानं करायची होती. झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली, रुद्रप्पांनी कोहळा फोडला. मग अज्जी पुढच्या सीटवर चढून बसल्या. मी त्यांच्या समाधानासाठी रेडिओ लावला. वीणा चालली होती. म्हातारीनं कान अगदी डॅशबोर्डाला टेकवला आणि हिरमुसून माझ्याकडे पाहिलं. "एनू केळ्सल्लम्मा," म्हणाल्या. काहीच ऐकू येत नाही गं.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, फ्यूज तर घालायचा आहे. हत्यार कुठं लागतंय? बोटांनी घातला तर नियम कुठं मोडतो? आपल्या घरातली मी, नियमातून वाट काढण्यात पटाईत.

फ्यूज घालण्याआधी, तुझ्याच शिस्तीप्रमाणे, मी बाक उचलून तारा बघितल्या. काळी बॉडीला! तांबडी फ्यूजकडे! अण्णा, खरं सांगते, मला आनंद झाला. अण्णाची चूक सापडली! सात वर्षांत पहिल्यांदा! ते नट बोटांनी फिरवायचे. मी दोन्ही सोडवले, तारांची अदलाबदल केली, घट्ट आवळले, फ्यूज घातला, बटण दाबलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं.

चट्, एवढाच आवाज आला. मग तो जळका वास, दोन्ही ट्रान्झिस्टर गेले होते. अज्जींना तेही ऐकू गेलं नाही. त्या हात जोडून, डोळे मिटून वाट बघत बसल्या होत्या.

पंधराएक मिनिटांनी तू आलास. फाटकातच थांबलास, नाकानं तुला सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "अज्जींना ऐकायचं होतं, मी फ्यूज घातला." एवढंच म्हटलं. अर्धं. उरलेलं अर्धं ओठांवर होतं, तेवढ्यात तू बाक उचललास. तांबडी बॉडीवर बघितलीस आणि तिथंच पायरीवर बसलास. मग माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि रुद्रप्पांना म्हणालास, "तप्पु नंदे, रुद्रप्पनवरे. तारा मीच लावल्या होत्या. चूक माझी."

रुद्रप्पा भला माणूस. "होगली बिडी," म्हणाले, जाऊ दे. अज्जींना हाताला धरून उतरवलं. त्यांना कानाशी तोंड नेऊन सांगावं लागलं की आज गाणं नाही. तो म्हातारीचा चेहरा मला अजून दिसतो.

तुझी ती नजर मी अशी वाचली: तारा तू बदललीस हे कळलंय मला, गप्प बस, मी सांभाळून घेतो. माझ्यासाठी त्या वर्षी स्थळं बघणं चाललं होतं, मुलीनं कुणाची जीप जाळली ही गोष्ट गावभर नको, म्हणून अण्णानं आपल्या अंगावर घेतलं. केवढा मोठा माझा भाऊ! मी रात्रंदिवस तुझे उपकार मनात घोळवले. भाऊबीजेला ओवाळताना म्हणालेही, "अण्णा, त्या जीपच्या वेळी तू..." तू ताट बाजूला सारलंस. "तो विषय नको, इंदू." मी म्हटलं, बघा, आभारसुद्धा घेत नाही.

रुद्रप्पांनी काम दुसरीकडे करून घेतलं. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत, पण गॅरेजांत गोष्ट पसरायला काय लागतं? जुना व्हॉल्व्हवाला आहे, ट्रान्झिस्टर त्याला जमत नाहीत. हळूहळू नवी कामं यायची थांबली, आणि जी आली ती तूच परत पाठवलीस. "नको रे, ते नव्या लोकांचं काम." मी तुझ्याशी किती भांडले त्यावरून! हट्टी म्हटलं, भित्रा म्हटलं. एकदा तर म्हटलं की एवढ्यात म्हातारा झालास का? बेचाळीस वर्षांचा होतास तू.

आणि व्हॉल्व्हच्या जुन्या कामांतही, दर गाडी परत देण्याआधी मला हाक मारायचास. "इंदू, स्वल्प बघ गं. तारा बरोबर आहेत ना?" मी फुशारून बघायची. वाटायचं, माझ्यावर विश्वास टाकतोय, मला मोठं करतोय.

आता काल वहिनी काय म्हणाली ते.

ती तुझी सळई पुसत होती. म्हणाली, "ह्यांनी त्या जीपची गोष्ट मनाला फार लावून घेतली गं. मला म्हणायचे, शालू, काळी तार बॉडीला लावताना मला माझा हात अजून डोळ्यांसमोर दिसतो. मग तांबडी तिथं आली कशी? माझा हात माझं ऐकेनासा झालाय. डॉक्टरांकडेसुद्धा जाऊन आले होते दोनदा, हाताला काही झालंय का बघायला. तुला सांगू नको म्हणाले होते."

अण्णा! तुला माहीतच नव्हतं!

तू माझ्यासाठी खोटं बोललाच नव्हतास. तू खरंच समजलास की चूक तुझी. ती नजर मला गप्प करणारी नव्हती. तू मला विचारत होतास का रे? काही माहीत आहे का, असं? आणि मी मान खाली घातली. तुझा मोठेपणा म्हणून जो मी चार वर्षं मिरवला, तो तुझ्या मनातला घोर होता. "इंदू, बघ गं" म्हणायचास ते मला मोठं करायला नव्हे. तुझा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. तो मी घालवला, आणि वर तुलाच भित्रा म्हटलं.

एक शब्द लागला असता. भाऊबीजेला ते वाक्य पुरं केलं असतं तरी पुरे होतं. तू रागावला असतास, दोन दिवस बोलला नसतास, आणि तिसऱ्या दिवशी उठून नवीन ट्रान्झिस्टर शोधायला गेला असतास. मला ठाऊक आहेस ना तू!

तुझाही थोडा राग येतो, लपवत नाही. डोळ्यांसमोर दिसत होतं म्हणतोस, मग मला दरडावून का नाही विचारलंस? बहिणीवर संशय घ्यायचा नाही म्हणून स्वतःच्या हातावर घेतलास? असं कुणी करतं का?

आज सकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं, आणि म्हणाली, "ते असताना का नाही गं बोललीस?" मग उठून आत गेली. अजून बाहेर आलेली नाही. मी दारावर थाप मारली नाही. तिचा हक्क आहे.

पुढच्या रविवारी मी बसनं आनेकलला जाणार आहे. अज्जी अजून आहेत म्हणे. त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं तरी चालेल, शेजारीपाजारी ऐकतील तेवढं बरंच. तिथून आले की कलासीपाळ्यात, केशवरावांच्या गॅरेजपासून सुरुवात करून एकेका दारात. ते विचारतील, एवढे दिवस कुठं होतीस. तरी मी सांगेन. तुझं नाव निघेल तिथं, मी असेपर्यंत, हे सांगितल्याशिवाय उठणार नाही. हा शब्द देते.

पण सगळ्यांत आधी ते तुला सांगायला हवं होतं, ते आता सांगते. जीपच्या दोन्ही तारा तू बरोबर लावल्या होत्यास, अण्णा. काळी बॉडीला, तांबडी फ्यूजला. अगदी बरोबर.

तुझी,
इंदू