आईले कर माफ

प्रिय आईले रीनाचा पोर्तुगालहून सप्रेम जयभीम.

आम्ही दोघंही मजेत आहोत. घराची वरची खोली आता पर्यटकांले दोन-चार दिवसांच्या भाड्यानं देतो. इथल्या नगरपालिकेचा नियम आहे का त्यांच्याकडून पर्यटक कर घेऊन आपण भरायचा. पण दारात आलेल्या माणसाले आपण आधी पाणी देतो, मग चहा. चहा पाजल्यावर कर मागाची मले लाज वाटे. म्हणून मी सर्वांच्या नावापुढं ‘घरचे पाहुणे’ लिहून टाकलं.

परवा एक साहेब चौकशीले आला. म्हणे, हे जर्मन आजोबा तुमच्या घरचे कसे? तुझा जावई हसून हसून बेजार झाला. मी साहेबालेही पाणी दिलं, चहा दिला अन् राहिलेला कर भरला. दंड नाही लागला, काळजी करू नको.

जाताना त्याले विचारलं, माझी आई राहाले आली तर? तो म्हणाला, मालकिणीच्या आईले कर नाही.

तुझा गुडघा कसा आहे? धान निघालं का? लेकीच्या घरी पाहुणी होऊन कायले राहू, म्हणत होती न तू? आता इथल्या सरकारनंच तुले घरची ठरवलं आहे.

वाट पाहून राहिलेली,
तुझी रीना