‘एफ’ रिकामा नसल्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
स्मरणिका कक्ष, मराठी स्नेहवर्धिनी,
करोल बाग, नवी दिल्ली.

विषय : माझ्या पेन ड्राइव्हचा दुसरा भाग सोमवारी फॉर्मॅट न करण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. ६ ऑगस्ट २०२५ व त्याच दुपारी आलेला दूरध्वनी.

महोदय,

१. स्मरणिकेसाठी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांतील जुन्या गणेशोत्सवाची छायाचित्रे मी मंगळवारी, दि. ५ रोजी, पेन ड्राइव्हमधून आपल्या कार्यालयात जमा केली व रीतसर पोच घेतली. छायाचित्रे मिळाल्याचे आपण कळवलेत, आभारी आहे. मात्र ड्राइव्हचा ‘एफ’ हा भाग रिकामा असून तो सोमवारी फॉर्मॅट करून इतर सभासदांच्या छायाचित्रांसाठी वापरला जाईल, असेही आपल्या पत्रात आहे. तो रिकामा नाही.

२. माझा मुलगा चि. सुधन्वा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवरचे विंडोज काढून लिनक्स घातले आणि ड्राइव्हचे दोन भाग केले. पहिला सगळीकडे उघडतो. दुसरा लिनक्सच्या पद्धतीचा आहे, ती आपल्या संगणकाला वाचता येत नाही. इथे काहीतरी आहे एवढे त्याला कळते. काय आहे ते कळत नाही, म्हणून तो पुढचे मोकळे अक्षर देतो आणि फॉर्मॅट करू का असे विचारतो. आपल्याकडील श्रीमती रुचिरा यांनीही फोनवर तेच सांगितले, की अंकल, उघडतच नाही, बिल्कुल खाली आहे. त्यांना दोष देत नाही. आपल्याला वाचता न आलेली फाइल कोरी समजण्याची पद्धत मी केंद्र सरकारच्या नोकरीत चौतीस वर्षे पाहिली आहे.

३. माझ्या घरी त्याच भागाचे नाव ‘चंद्रप्रभा’ असे येते. चंद्रप्रभा ही माझी पत्नी. गेल्या वर्षी ऑपरेशनपूर्वी तिने मोबाइलवर माझ्यासाठी त्रेचाळीस सूचना बोलून ठेवल्या. आमटीत गूळ केव्हा घालायचा, गीझरचे बटण कोणते, कामवालीने सुट्टी घेतली तर कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत, इत्यादी. ऑपरेशननंतर ती घरी आली नाही. त्या सूचना सुधन्वाने दिवाळीत याच भागात उतरवून दिल्या. त्यांपैकी एकतीस मी ऐकल्या. बारा शिल्लक ठेवल्या आहेत. पुरवून पुरवून ऐकतो, कारण त्या संपल्या की मला घरात कोणी नवीन काही सांगणार नाही. सकाळी ड्राइव्ह लावला की पडद्यावर तिचे नाव येते, पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. मंगळवारपासून ते आलेले नाही.

४. दुसरी प्रत कोठे आहे, असे आपण विचाराल. तिचा मोबाइल मीच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. हाताखालच्या माणसांना तीन प्रतींशिवाय कागद पुढे सरकवू दिला नाही, आणि हिची एकही प्रत काढली नाही. प्रत काढायची तर त्या बाराही आधी ऐकाव्या लागतील, अशी माझी समजूत होती. तसे काही नसते, हे सुधन्वाने परवा सांगितले.

५. जमा केलेले साहित्य परत मिळत नाही, हा नियमही आपण दाखवाल. तो १९९६ साली कार्यकारिणीवर असताना मीच घातला. तेव्हा मला अक्कल नव्हती, अशी नोंद घ्यावी. सोमवारी दहा वाजता मी लॅपटॉप घेऊन येतो. आपण स्वतः ड्राइव्ह लावावा आणि काय नाव येते ते पाहावे.

६. तोवर संगणकाने पुन्हा विचारल्यास कृपया ‘रद्द’ दाबावे. तसेच ड्राइव्ह झटकन ओढू नये, आधी सुरक्षित काढण्याचे बटण दाबावे. ही सूचना माझी आहे. तिची याबाबत काही असल्यास ती उरलेल्या बारांत असेल.

उत्तर नाही दिलेत तरी चालेल, ड्राइव्ह द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
श्यामकांत वि. टिपणीस
(सभासद, सेवानिवृत्त अवर सचिव)
वसुंधरा, गाझियाबाद
दि. ८ ऑगस्ट २०२५

संलग्न :
१. पोचपावतीची छायाप्रत, तीन प्रतींत.
२. नवे कोरे पेन ड्राइव्ह, दोन नग, इतर सभासदांसाठी.
३. मूळ : आपल्याकडे आहे.