कंडक्टरसाहेबांचा ओटीपी

१५ जून, रविवार

घर सोडलं! ठाण्यातल्या खोपटहून थेट डोंबिवली, जयामावशीकडे. दोन बॅगा आणि आईचा फोटो. पप्पा म्हणे, "ताटं उचलायला डिग्री लागते?" हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे ताटं उचलणं! आई गेल्यापासून घरात मीच रांधते, ते गोड लागलं. मीही दारातूनच ऐकवलं — तुमचा एक पैसा नको मला!

आजपासून पप्पा म्हणणंही बंद. एस.टी.त कंडक्टर आहेत ना, मग नुसते कंडक्टरसाहेब.

७ ऑगस्ट

कॉलेज एकदम झकास. पहिला हप्ता मावशीने भरला. पुढचा स्कॉलरशिपवर — नाही मिळाली तर घरी बसायचं, सरळ हिशोब.

फॉर्म भरायला बसले. आधारला मोबाइल नंबर कुणाचा? कंडक्टरसाहेबांचा! सहावीत असताना त्यांनीच काढलेलं. म्हणजे ओटीपी जाणार त्यांच्याकडे! मावशी हसून हसून लोळायची बाकी. "पैसा नको ना? मग आता आकडे माग!"

८ ऑगस्ट

लावला फोन. दोन महिन्यांनी. साहेब गाडीवर. मी म्हटलं, ओटीपी आलाय, सांगा.

"चार, सात, शून्य — ओ काका, दार सोडा, आत सरका — दोन..."

गेली ओटीपीची दहा मिनिटं! परत पाठवला. परत तेच. "सुट्टे द्या" आणि "आत सरका"मध्ये माझे आकडे सांडले. शेवटी कुणा बाईने फोनच हिसकावला — "मी सांगते गं बाळा, लिही!" मी "झालं" म्हटल्यावर आख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या. खरंच!

आम्ही दोघं मात्र एक शब्द जास्त बोललो नाही. खानदानी आहोत.

११ ऑगस्ट

पाचवा ओटीपी. एका रिंगमध्ये उचलला. "जेवलीस?"

मी म्हटलं, आकडे सांगा.

नंतर वाईट वाटलं. थोडंसंच.

१३ ऑगस्ट

बोंबललं सगळं! वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला पाहिजे. मी विचारलं, मावशीकडे राहते, तिचा चालेल? ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "वडील आहेत ना? मग त्यांचाच. तू राहतेस कुठे हे फॉर्म विचारत नाही."

दाखला मिळायला पंधरा दिवस लागतात. शेवटची तारीख वीस!

नाक मुठीत धरून साहेबांना फोन केला. "बघतो." एवढंच! यांचं बघतो मला माहितीये. आमची शेगडी दुरुस्त करायचं दोन वर्षं बघत होते.

रडले. मावशीने कांदे पुढे सरकवले — "रडतेच आहेस, तर हे पण चिरून टाक."

१८ ऑगस्ट

सकाळी मेसेज — डेपोत ये. गेले तर साहेब ड्युटीवर निघून गेलेले! खिडकीत त्यांचे दोस्त सहदेवकाका. "जय भीम, दर्शना! हे तुझ्या बापाने ठेवलंय. काय गं, किती वाळलीस!"

पाकिटात दाखला! प्लास्टिकच्या कव्हरात, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. पाच दिवसांत कसा काढला? वट आहे म्हणायची कंडक्टरसाहेबांची! संध्याकाळी अपलोड केला. फॉर्म गेला!! मावशीला शिरा करून घातला.

१९ ऑगस्ट

दाखला कव्हरातून काढला, तर मागे अर्जाची पावती. तारीख १६ जून. कारण — मुलीचे शिक्षण.

१६ जून! मी घर सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. खात्री करायला याच वहीची मागची पानं उलटली.

फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. "हां, आला का परत? थांब, चष्मा लावतो..."

"ओटीपी नाहीये, पप्पा. तुम्ही जेवलात?"