दांडी हलकी फिरते

६ ऑक्टोबर १९७५
गाडी हलेना! काल संध्याकाळी अंगणात नीट लावली होती. सकाळी इंजिन लगेच सुरू झालं. गिअरची दांडी पुढे टाकली — काही नाही. मागे टाकली — काही नाही. नुसती गुरगुरते. वळसंगला शाळेत शिकवायला जाणं बुडालं.

हे म्हणाले, "विलायती वस्तू. व्हायचंच."

८ ऑक्टोबर
एसटीने निघाले. पायरीवर डावा पाय उचललाच नाही. पडले. सगळा स्टँड बघत होता.

बाबांनी मिशनच्या डॉक्टरीणबाईंकडून ही मिनी घेतली ती याचसाठी. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, माझ्या पोलिओच्या पायाला कामच नाही.

९ ऑक्टोबर
हेडमास्तरांची चिठ्ठी. पंधरा तारखेला हजर नसले तर जागा दुसऱ्याला. यांनी माझा राजीनामा लिहूनही ठेवलाय! फक्त सही राहिलीय. सासूबाई वाती वळतायत. मी खिडकीत बसून गाडीकडे बघते. रडू येतं आणि रडण्याचा रागही येतो.

१२ ऑक्टोबर
चन्नप्पा मिस्त्री आला. जन्म ट्रकखाली गेलेला, असली गाडी पहिल्यांदाच बघतोय. तेल बोटावर घेऊन हुंगलं. "जळल्याचा वास न्हाय. आतलं धड हाय, बाई." दांडी पुढेमागे केली. "लई हलकी फिरतीया की!"

पुढची चाकं फळ्यांवर चढवून खाली शिरला. दांडीची तार गिअरपेटीला जोडणारी पिनच नाही! "आपूआप पडत न्हाय ही." सगळं अंगण शोधलं. नाही.

नवी पिन लेथवर करावी लागेल. पण उद्या खंडेनवमी, सगळ्यांची हत्यारं पूजेत. लेथवाला गावाला, पुनवेला येणार. म्हणजे संपलंच.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
सासूबाईंनी घरातलं लोखंड पाटावर मांडलं. विळी, अडकित्ता, कात्री. आणि बोटभर पिन — हळदकुंकू लावलेली!

"कुठं मिळाली?"

"कमलाकरच्या कोटात. लोखंड हाय, पूजेला नको?"

म्हणजे यांच्याच कोटात! हे जेवत होते. घास हातातच राहिला. रोज सकाळी "जपून जा" म्हणायचे मला.

१४ ऑक्टोबर, दसरा
पूजा झाल्यावर मीच गाडीखाली शिरले. हत्यार लागलंच नाही. पिन हातानेच बसली, निसटू नये म्हणून केसांतला आकडा वाकवून अडकवला. दांडी जड लागली. गाडी हलली!

हे दारात. "कुठं निघालीस?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. नवं लुगडं नेसून माझ्याशेजारी येऊन बसल्या होत्या.

"सीमोल्लंघनाला. तू ये चालत मागनं."