कलम सातमधलं वाक्य

१४ मार्च

ती. वहिनी,

सहा महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, म्हणून आधी कान पकडतो आणि मग नमस्कार करतो. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या जावेची बदली टळली, थोरलीची परीक्षा आटोपली आणि माझं पोट आणखी बोटभर पुढे आलं. हे शेवटचं दादाला मुद्दाम वाचून दाखवा, त्याला बरं वाटेल.

दादाचं काम जोरात असेल. मागच्या खेपेला आलो तेव्हा खिडकीपाशी चार शिलाई मशीन उघडून बसला होता आणि मला म्हणाला, "तू माणसं उघडतोस, मी मशीनं. फरक एवढाच की माझी परत चालतात." पाठीत तीन स्क्रू असलेला माणूस रोज सहा तास बाकावर बसून काम करतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते एकमेकांकडे बघतात.

तुम्ही विचारलंत, गोळ्यांचा नवा नियम खरा का. खरा आहे. ताजं दुखणं असेल, म्हणजे दात काढला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तर दादा घेतो त्या जातीच्या कडक वेदनाशामक गोळ्या पाच दिवसांच्या वर मिळणार नाहीत. जुनाट दुखण्याला एक मर्यादा घातली आहे. ज्यांचा डोस तिच्या वर आहे, त्यांचा दर महिन्याला पाव हिस्सा कमी करत आणायचा.

हे उगाच कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या ड्यूटीवर कॉलेजातली एक मुलगी आणली होती. अक्कलदाढ काढली म्हणून कुणीतरी तिला महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दाढेचं दुखणं चार दिवसांत गेलं, गोळी सुटली नाही. सात महिन्यांनी आई तिला घेऊन आली तेव्हा अंग गार पडलं होतं. त्या बाईंनी माझी बाही धरून विचारलं, "एका दाढेपायी?" वहिनी, असं पुन्हा होऊ नये म्हणून काहीतरी करायलाच हवं होतं.

आणखी एक विचारलंत, हा नियम करणाऱ्या समितीत मी आहे का. समितीत बरीच माणसं आहेत. दादासारख्यांसाठी काही ना काही वाट निघतेच. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

तुमचा,
भाऊजी


२ जून

ती. वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र पोचून दहा दिवस झाले. उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

दोनदा डोस कमी झाला आणि दादाला बाकावर अर्धा तासही बसवत नाही, हे वाचलं. लोकांची मशीनं तशीच उघडी परत पाठवावी लागली, तेव्हा त्यानं स्क्रूंच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर मालकाचं नाव लिहिलं, हेही वाचलं. तुम्ही तिथल्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी मागितलीत. मला ती देता येत नाही. नातेवाइकासाठी शब्द टाकला तर उद्या प्रत्येक जण टाकेल. सकाळ-संध्याकाळ शेक द्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, त्यांच्याकडे नाव घाला. मोठा डोस अनेक वर्षं घेतल्यावर शरीर सुरुवातीला कुरकुरतं, मग बसतं ठिकाणावर. निदान आमच्या पुस्तिकेत तरी तसं लिहिलं आहे.

हो, समितीत मी आहे. अध्यक्षांच्या उजव्या हाताला माझी खुर्ची आहे. मागच्या पत्रात हे सरळ लिहायला हवं होतं. पहिल्या मसुद्यात कलम सातमध्ये एक वाक्य होतं: "उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मते गरज असल्यास मर्यादेपलीकडचा डोस चालू ठेवता येईल." अंतिम मसुद्यात ते राहिलं नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना बोल लावू नका, त्यांचे हात बांधलेले आहेत.

आता महत्त्वाचं. दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो आणि मध्येच दुपारी न सांगता बाहेर जाऊन येतो, असं तुम्ही लिहिलंय. कुठे जातो ते विचारा. चिडला, अबोला धरला, तरी विचारा. नियम लागू झाल्यापासून सुट्या गोळ्या विकणारी माणसं फिरू लागली आहेत. गोळी वरून हुबेहूब तशीच दिसते. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्याकडे मे महिन्यात अशा गोळ्या घेतलेली तीन माणसं आली. तिन्ही पन्नाशीच्या पुढची, तिन्ही घरंदाज.

त्याचे खिसे बघत जा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण बघत जा.

तुमचा,
भाऊजी


२६ ऑगस्ट

वहिनी,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू.

तुम्ही दार उघडलं नाहीत ते योग्य केलंत. मी जिन्यात उभा होतो. आत तुम्ही भांडी लावत होतात, आवाज येत होता. तेवढा ऐकून परत फिरलो. दादा जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि जे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं ते लिहावं लागतंय.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ते वाक्य राहिलं नाही. वाक्य आपोआप गळत नाही, वहिनी. मी ते खोडलं. सचिव म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे ठेवलं तर सगळेच या दारानं बाहेर पडतील. मग नियम कुणासाठी?" समितीत वेदनेचा डॉक्टर मी एकटा. सगळे माझ्याकडे बघत होते. दोन महिन्यांनी संचालकाची जागा रिकामी होणार होती आणि ती कुणाला द्यायची ते याच सचिवांच्या हातात होतं. मी पेन उचललं. दादा आठवला नाही असं म्हणणार नाही. आठवला. वाटलं, त्याचं मी बघून घेईन.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते.

९ ऑगस्टला दादा माझ्या कचेरीत आला होता. बहिणीकडे जातो म्हणून तुम्हाला सांगून निघाला, तो दिवस. चार तासांचा बसचा प्रवास करून आला. शिपाई आत येऊन म्हणाला, "दोन काठ्या घेतलेले एक गृहस्थ आहेत, तुमचे भाऊ म्हणतात." मी म्हटलं, "मीटिंग चालू आहे म्हणून सांग."

मीटिंग नव्हती. मी रजेच्या अर्जांवर सह्या करत होतो. त्याला काय सांगायचं तेच मला कळत नव्हतं. दाराच्या काचेतून तो दिसत होता. बाहेर बाक आहे, पण त्याला बसता येत नव्हतं. भिंतीला खांदा लावून उभा होता. आधी उजवा, मग डावा. अकराला आला तो दीड वाजेपर्यंत. मी शिकत असताना हाच माणूस आमच्या इस्पितळाच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "तिसऱ्या मजल्यावर माझा डॉक्टर आहे." पुढे दुसऱ्या एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात दोन मजले खाली कोसळला, तेव्हा शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं ते माझ्या परीक्षेचं.

दीड वाजता त्यानं शिपायाजवळ पाणी मागितलं. पिऊन म्हणाला, "साहेबांना सांगा, काही विशेष नव्हतं. सहज आलो होतो."

तुम्हाला वाटतं, ज्यांनी त्याचा जीव गेला त्या गोळ्या त्यानं तुमच्या बाजारातून घेतल्या. पोलिसांनी मला पुडी दाखवली. तसल्या निळ्या कागदातल्या पुड्या आमच्या फाटकाबाहेर, फळांच्या गाड्यांच्या मागे मिळतात. माझ्या खुर्चीपासून दोनशे पावलांवर. तुम्ही त्याचे खिसे बघत होतात, मी सांगितलं म्हणून. नंतर त्यानं पुडी चष्म्याच्या डबीत ठेवली, त्यात तुमची काही चूक नाही. एवढं तरी माझ्याकडून खरं माना.

धाकटा


४ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तराची अपेक्षा नाही. पण काही गोष्टी दुसऱ्याकडून तुमच्या कानावर यायच्या आत मीच सांगतो.

गेल्या महिन्यात समितीपुढे तिमाही अहवाल आला. त्यात एक तक्ता होता, "औषधाच्या गैरवापरामुळे झालेले मृत्यू". एकेचाळिसाव्या ओळीत पुरुष, वय अठ्ठावन्न, लिफ्ट मेकॅनिक. नाव छापत नाहीत. मृत्यू वाढले, म्हणून मर्यादा आणखी निम्म्यावर आणावी, असा ठराव होता. मी उभा राहिलो. म्हटलं, "हा माझा भाऊ. इतक्या वर्षांत त्यानं एक गोळी जास्त घेतली नाही. त्याचं औषध आपण काढून घेतलं, म्हणून तो फाटकाबाहेर गेला. कलम सातमधलं वाक्य मी खोडलं होतं, ते परत घाला."

सचिवांनी चष्मा काढला. सगळे एक मिनिट उभे राहिले. मग बसले आणि ठराव मंजूर केला.

मला समितीतून मोकळं केलं आहे. मिळालेलं संचालकपद अर्थातच गेलं, त्याचं काही नाही. मी होऊन वेदनेची ओपीडी मागून घेतली. गुरुवारी पहिला दिवस होता. पहिल्या बाई छापखान्यात बांधणीचं काम करणाऱ्या, अपघातानंतर खुब्यात सळी. म्हणाल्या, "साहेब, कामावर उभं राहता येतंय, तेवढं राहू द्या." मी त्यांचा जुना डोस टाइप केला. पडद्यावर लाल चौकट आली: मर्यादेपेक्षा जास्त, कारण निवडा. कारणं दोनच. कर्करोग किंवा आजाराची अंतिम अवस्था. तिसरं नाही. ते का नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी "अंतिम अवस्था" निवडलं.

बाईंनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, मी मरणार आहे का?"

"नाही बाई. हे फक्त कागदावर."

"मग कागदाला कुणी विचारलं तर?"

"मला विचारतील."

दुपारपर्यंत अशी अकरा माणसं झाली. शुक्रवारी नऊ. बाहेर बातमी पसरली आहे, उद्या रांग फाटकापर्यंत जाईल. तपासणी पथक उद्याच दहा वाजता येतंय. कागदावर वीस माणसं मरणपंथाला लागली आहेत आणि वीसच्या वीस आपल्या पायांनी चालत घरी गेली. हे ओळखायला पथकाला तासभरही लागणार नाही. माझी सनद जाईल, कदाचित त्याहून जास्तही काही. मला धास्ती आहे ती वेगळी. मला या खुर्चीवरून उठवल्यावर त्या वीस जणांचा डोस एका दिवसात शून्यावर येईल. मी हे गुरुवारी पहिलं नाव लिहितानाच जाणत होतो आणि तरी लिहिलं. बरं केलं की पुन्हा तेच केलं, ते माझं मला सांगता येत नाही.

चौकशीला माणसं तुमच्याकडे येतील. काही झाकू नका. ९ ऑगस्टचंही सांगा, शिपाई साक्ष द्यायला तयार आहे. माझी बाजू घेऊ नका. फक्त दादाच्या नावापुढे त्यांनी लिहिलेला "गैरवापर" हा शब्द तेवढा काढायला लावा. मी दोन अर्ज केले, दोन्ही परत आले. बायकोचा अर्ज त्यांना परत पाठवता येत नाही, असं कारकून म्हणाला. कोरा फॉर्म सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली केली आहे.

तुमचा अपराधी,
दादाचा धाकटा भाऊ