कोंबड्यांचा चातुर्मास

४ जुलै
दुपारी पाऊस उघडला, कोंबड्या सोडल्या. मोठ्या बाईंनी (तपकिरी, चालणं आमच्या जुन्या हेडमिस्ट्रेससारखं, अक्कलही तितकीच) चिंचेखालून एक लांबलचक गांडूळ ओढून काढलं. बाकीच्या तिच्यामागे पळत सुटल्या. अख्खी नोकरी पोरींना गांडुळाच्या आकृत्या काढायला लावण्यात गेली, पण त्याचा इतका चांगला उपयोग करताना कुणाला पाहिलं नव्हतं.
दादा ओट्यावरून बघत होता. देवघरात कुणी चपला घालून आल्यासारखा चेहरा. काहीतरी शिजतंय डोक्यात.

६ जुलै, आषाढी एकादशी
शिजलं. दादाने चातुर्मासाचा नेम जाहीर केला. मागच्या साली वांगी सोडली होती. त्याला वांगी मुळात आवडत नाहीत. यंदा नेम असा: कार्तिकीपर्यंत आपल्या कुंपणाच्या आत जीवहत्या होणार नाही. देवापुढे सुपारी ठेवून बोलला.
"कोंबड्या कोंडून ठेव, मंदे. त्या किडे खाऊन राहिल्या अन् पाप माझ्या जमिनीला लागून राहिलं."
म्हटलं, "त्या कोंबड्या आहेत दादा, भजनी मंडळ नाही."
"अच्छा. मग शाकाहारी ठेवायच्या असतील तर ठेव. नाहीतर मझौलीच्या बाईकडून आणल्यास ना, तिलाच परत दे."
हा माणूस जन्मभर फॅक्टरीत तोफगोळे पास करत होता. एकेका गोळ्याला बोट लावून बघायचा, म्हणे. आता गांडुळाचं पाप.
वहिनी काय म्हणाल्या? वहिनी काही म्हणत नसतात. सुपारीला हळदकुंकू वाहिलं.

७ जुलै
रात्रभर डोक्यात तेच. घर बाबांनी दादाच्या नावावर केलं. मी नोकरी केली, लग्न केलं नाही, मागची खोली मिळाली. तक्रार नाही. पण या घरात 'माझं' म्हणावं अशा या कोंबड्याच काय त्या. एकदा परत गेल्या की पुन्हा आणू देणार नाही तो. हे इथं लिहिते, तोंडाने कुणाला सांगायची नाही.
त्या आल्याही कशा, तर माझं मनगट मोडलं, डॉक्टर म्हणाले अंडी खा. बाजारची अंडी घरात चालत नाहीत. अंगणातली चालतील, पण उकडायची मागच्या पडवीत, निराळ्या स्टोव्हवर, निराळ्या पातेल्यात. म्हणजे अंडं चालतं, अंडं ज्याचं बनतं ते चालत नाही. असो.

१५ जुलै
कोंडून ठेवायचं तर नीट ठेवू. भाताच्या तुसाचा जाड थर, रोज खालीवर करते, वास येत नाही. कोपऱ्यात पेटीभर चुलीची राख, त्यात लोळतात, उवा होत नाहीत. घरट्यात निंबाचा पाला. खायला ज्वारी, भाजलेलं सोयाबीन (कच्चं नाही, पोट बिघडतं), तिळाची पेंड, शेवग्याचा पाला, आंबट ताक. अंड्याची टरफलं भाजून कुटून द्यायला घेतली तर दादा हजर. "हे हाडच झालं ना एक प्रकारचं?" टरफल म्हणजे हाड! याला बारावीला सायन्स होतं. टरफलं बंद. पाण्यात चुन्याची निवळी.
दुपारी फोनवर एका 'नैसर्गिक कुक्कुटपालन'वाल्याचा व्हिडिओ पाहिला. पाण्यात हळद, लसूण, ओवा, आलं. म्हणजे कोंबडीला जिवंतपणीच फोडणी द्यायची. खाली शेकडो लोकांनी हात जोडलेत.

२१ जुलै
आज पुन्हा एकादशी. सकाळी गेले तर खुराड्यात साबुदाणा. भिजवलेला, वर शेंगदाण्याचा कूट. वहिनींना विचारलं, काहून?
"हे म्हणाले, आज ज्वारी नको घालू त्यांना."
कोंबड्यांनाही उपास. मोठ्या बाईंनी एक दाणा उचलला, चोचीला चिकटला, डोकं झटकत बसल्या. मी साबुदाणा उचलून दारावर आलेल्या गाईला घातला आणि ज्वारी टाकली. वहिनींना म्हटलं, तुम्हाला स्वतःचं असं काही वाटतं की नाही कधी? त्यांनी वाटी विसळायला घेतली. बोलणं भिंतीला लागून परत यावं तशी बाई.

१० ऑगस्ट
भुरीची, म्हणजे भुरकट कोंबडीची, पाठ उघडी पडली. बाकीच्या तिची पिसं उपटून खाताहेत. खरंच गिळताहेत. अंडी पातळ सालीची, हातात घेतली की बोट आत जातं. त्यातली दोन त्यांनीच फोडून खाल्ली. मला माहीत आहे हे कशाने होतं, शिकवलंय मी हे. जागा कमी, काम नाही आणि अंगाला जे लागतं ते पेंडेतून पुरेसं मिळत नाही. मोकळ्या असत्या तर त्यांनी स्वतःच शोधून खाल्लं असतं.
शेजारच्या दुबे भाभींनी भिंतीवरून डोकं काढलं. "दीदी, नजर लगी है किसी की। मिर्ची उतार दीजिए।" तुमचीच लागली असेल, म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

१३ ऑगस्ट
जनावरांचा डॉक्टर आला. तरुण, घाईत. एक कोंबडी उचलली, छातीचं हाड चाचपलं. "प्रोटीन कम है मैडम। दाने में थोड़ी सूखी मछली मिलाइए, और इनको खुला छोड़िए।"
दादा तिथेच उभा. "हमारे यहाँ नहीं चलता, डॉक्टर साहब।"
"आपको थोड़ी खाना है, सर।"
दादा आत निघून गेला. आठवड्यातलं पहिलं शहाणं वाक्य या अंगणात ऐकलं, तेही घाईत. बरं वाटलं.
सायं. दादा म्हणाला, कार्तिकीपर्यंत धर, मग सोड मोकळ्या. कार्तिकीपर्यंत भुरी राहील का, ते कुणी सांगावं. पिसं गाळायचे दिवस आता पुढेच आहेत, नवी पिसं यायला सगळ्यात जास्त लागतं. सांगितलं तर म्हणतो, "ईश्वर सब देखता है." हिंदी मालिकेतलं वाक्य.

११ सप्टेंबर
बाबांचं श्राद्ध. कावळ्याचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. दादा हात जोडून, डोळे मिटून. मी खुराड्याचं दार नीट लावलं नव्हतं की भुरीने जाळी वाकवली, देव जाणे. जिना चढून वर आली. पिसं नाहीत, पण पाय आहेत. दादाने डोळे उघडले तेव्हा वडा अर्धा संपला होता.
"मंदे! बाबांचा घास!"
कावळा नंतर आलाच नाही. वहिनी तोंडाला पदर लावून खाली गेल्या. रडायला गेल्या असतील, दुसरं काय येतं.
बाबा असते तर हसले असते. त्यांनी नर्मदेवर लपून मासे खाल्लेले आम्हा दोघांनाही माहीत आहे, पण दादा ते विसरून गेला आहे. मोठ्या लोकांना विसरायची सोय असते.
संध्याकाळपर्यंत गुरगुरत होता. आणखी एक काही झालं की मझौलीला जातील म्हणाला.

१५ सप्टेंबर
गोहलपूरला गेले. सुकी मासळी घेतली. दुकानदाराने विचारलं, "घर के लिए?" म्हटलं, "हाँ." खोटं कुठे आहे. रिक्षात पिशवी पायाखाली ठेवली, तरी रिक्षावाला दोनदा मागे वळून बघत होता.
घरी उखळीत बारीक केली, कोंड्यात मिसळली, वर ओवा (व्हिडिओवाल्याचा काही तरी उपयोग). मोठ्या बाई टोपल्यात डोकं घालून बसल्या, शेपटीच तेवढी बाहेर. दुसऱ्या कुणाला चोच घालू देईनात.
नेम त्याचा आहे. मी कुठल्या सुपारीला हात लावला नव्हता. वाईट वाटत नाही. हसू येतंय, लपवावं लागतंय.

२८ सप्टेंबर
भुरीच्या पाठीवर काळ्या काड्या फुटल्या, पेन्सिलीच्या शिशासारख्या. नवी पिसं. अंड्यांची साल कडक झाली, आज पातेल्यावर आपटावं लागलं. वहिनींनी पडवीत येऊन उभ्याउभ्या एक अंडं खाल्लं, मीठ लावून.
दादाने येता जाता खुराड्याकडे पाहिलं. "बघ. शाकाहारावरसुद्धा होऊन राहिलं ना सगळं नीट?" मी ओठ चावला. लहान पोरगी असते तर हसू फुटलं असतं.

४ ऑक्टोबर
फुटलंच. कोंड्याच्या डब्यात मासळीचं एक डोकं आख्खं राहिलं होतं, उखळीतून सुटलेलं. दादा पेरूच्या झाडाला पाणी घालून येत होता, वास आला, डब्यात हात घातला. माझ्यासमोर धरलं.
म्हटलं, "हा मासा कुंपणाच्या बाहेर मेला, दादा. तुझा नेम मोडला नाही."
वकिलीण झाले असते तर बरं झालं असतं. तो ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. हात धुतले, ओट्यावर बसला.
"तुला काहून बोलू? माझ्या घरात झालं, प्रायश्चित्त मी घेईन. कोंबड्या जातील तेव्हा जेवीन."
म्हणजे उपास. सत्तरीचा माणूस, साखरेचा, गोळ्या खाणारा, कोंबड्यांवर रुसून उपाशी. लहानपणी याला पतंग हवा असायचा तेव्हाही असाच बसायचा, याच ओट्यावर. तेव्हा आई द्यायची.

५ ऑक्टोबर
पाणी पितो, तेवढंच. वहिनी ताट वाढतात, झाकतात, उचलतात. गोळी घेतो का विचारलं, तर वहिनींनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. या बाईचं कधी काय कळतं.
दु. दुबे भाभी येऊन गेल्या. "भाई साहब बड़े नियम वाले हैं।" कौतुक करून गेल्या. कौतुकाने आणखी दोन दिवस टिकेल तो.
सायं. पेपर धरला होता, पेपर थरथरत होता. मी पलीकडच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, वेडेपणा करतोस. "अच्छा," म्हणाला. डोळे आत गेलेत.
मला त्याची भीती वाटत नाही, त्याच्यासाठी वाटते. आणि त्याचाच संताप येतो. एकच हत्यार आहे याच्याकडे, तेही स्वतःवरच उगारायचं, आणि ते चालतंही दर वेळी. मझौलीच्या बाईला फोन केला. परवा टोपली घेऊन येते म्हणाली. आनंदाने म्हणाली. फोन ठेवल्यावर खुराड्याकडे गेले नाही.

६ ऑक्टोबर
आजचं नीट क्रमाने लिहिते.
सकाळी पाऊस येऊन गेला, परतीचा, थोडाच. मी स्वयंपाकघरात. दादा ओट्यावर. वहिनी ताट झाकून बाहेर गेल्या, मला वाटलं तुळशीला. कडी वाजली. खिडकीतून बघते तर खुराड्याचं दार सताड उघडं, वहिनी बाजूला उभ्या, आणि कोंबड्या ओल्या अंगणात. आधी दोन क्षण वेड्यासारख्या उभ्या, मग पायांनी माती उडवायला लागल्या.
दादा उठला. धरून उभा राहिला खांबाला. "काय करून राहिली? नेम..."
"नेम तुमचा. दार मी उघडलं."
एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण पुरा होता.
"लग्न होऊन आली तेव्हापासून तुमच्या एकेका नेमाचा स्वयंपाक मी करून राहिली. मंदाताईंचं पाप तुम्ही घेतलं. चलो, आता माझं पण घ्या. किती उपास होतील ते सांगा, मी तेवढे दिवस ताट वाढत नाही. मी पण नाही जेवत."
मग जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या. पाय हलवत. दादा खाली बसला. मोठ्या बाईंनी दोघांच्या मधून एक काहीतरी वळवळणारं उचललं आणि पळाल्या.
मी या बाईला आजवर काय काय म्हटलं, इथंच म्हटलं आहे. वही फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाही, कारण तेही एक नाटकच झालं असतं.
दिवसभर कुणी जेवलं नाही. मी पडवीत एक अंडं उकडलं, खाल्लं नाही.

७ ऑक्टोबर
कुणी दार लावायला गेलं नाही. कोंबड्या आपल्याआप रात्री आत गेल्या, सकाळी आपल्याआप बाहेर आल्या.
वहिनींनी चूल पेटवली नाही. आम्ही दोघी कालपासून कोरड्या, दादा तर तीन दिवसांचा. मझौलीच्या बाईचा फोन आला, निघू का? म्हटलं, थोडं थांब. वहिनींकडे पाहिलं, त्या दादाकडे बघत होत्या. दादा कुठेच बघत नव्हता.
सायं. पंखांच्या वाळव्या निघाल्या भिंतीतून, दिव्याभोवती, ओट्यावर, सगळीकडे. कोंबड्या ओट्यावर चढल्या, कधी चढत नाहीत. पंख तेवढे उरले जमिनीवर. भुरी दादाच्या खुर्चीपाशी आली. खुर्चीखाली थवा होता, त्याच्या पायांमागे. ती मान वाकडी करून त्याच्या पायांकडे बघत उभी राहिली.
मला वाटलं हाकलेल.
दादाने पाय वर घेतले. दोन्ही. खुर्चीवर मांडी घालून बसला. भुरी आत शिरली. तो वरून बघत होता.
खाली अजून चोचीचा आवाज चाललाय. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्यात. चूल पेटवायला काडेपेटी शोधताहेत की दुसरं काही, इथून कळत नाही.